मोटरीला दम खाऊ द्या: अवस्था बदलणाऱ्या यंत्रणांचं गणित पहिल्यांदा मांडताना

एका उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) दोन महिन्यांत दोनदा जळला. गच्चीवरच्या टाकीत नवा सेन्सर बसवला होता. पाणी ठरल्या खुणेच्या खाली गेलं की मोटर चालू, वर आलं की बंद. दुसऱ्यांदा कॉन्टॅक्टर बदलताना वायरमन म्हणाला, "काका, मोटरीत दोष नाही. ती सारखी चालू-बंद होतेय. तिला दम खाऊ द्या."

त्याचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण त्यात गणिताच्या एका मोठ्या शाखेचा गाभा होता. काही यंत्रणांमध्ये एक गोष्ट सतत वाहत असते, जसं पाण्याची पातळी, तापमान किंवा वेग, आणि दुसरी अचानक बदलते, जसं मोटर, कॉम्प्रेसर किंवा गिअर. अशा यंत्रणेला संकरित प्रणाली किंवा हायब्रिड सिस्टिम म्हणतात. हा विषय पुस्तकातून सुरू केला तर पहिल्याच पानावर चिन्हांचा डोंगर लागतो. टाकीतून सुरू केला तर बारावीचं गणित, एक वही आणि संगणकावरची स्प्रेडशीट एवढ्यावर बरंच लांब जाता येतं. म्हणून नव्याने शिकणाऱ्याला मी टाकीचाच रस्ता दाखवतो.

आधी एकाच नियमाची यंत्रणा

अवस्था बदलण्याआधी, एकच नियम पुन्हा पुन्हा लावला तर काय होतं ते हाताने करून बघा. नाशिककरांकडे त्यासाठी घरचं उदाहरण आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये ते जगासमोर मांडलं. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोहोचता.

यात तीन गोष्टी आहेत: आत्ताची स्थिती (संख्या), पुढची स्थिती ठरवणारा नियम, आणि जिथे नियम लावूनही काही हलत नाही असा स्थिर बिंदू. आपल्या टाकीत यापेक्षा एकच गोष्ट जास्त आहे. तिथे नियम दोन आहेत, आणि कोणता कधी लागू हे ठरवणारा तिसरा.

पायरी १: काय वाहतं आणि काय उडी मारतं ते वेगळं लिहा

वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे सतत बदलणाऱ्या राशी लिहा, उजवीकडे अवस्था. टाकीसाठी डावीकडे 'पाणी, लिटरमध्ये' आणि उजवीकडे 'मोटर चालू' व 'मोटर बंद'.

सोपं वाटतं, पण नवखे सगळ्यात जास्त इथेच चुकतात. नाशिकच्या गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती आठवा. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं यावरून सारं शहर पुराचा अंदाज बांधतं. मग गुडघा, कमर, छाती या नदीच्या अवस्था झाल्या का? नाही. गुडघ्याला असो की कमरेला, नदी त्याच नियमाने वाहते. त्या फक्त पातळीच्या खुणा आहेत. घाटावरच्या दुकानदाराचं तसं नाही. पाणी एका खुणेला लागलं की तो माल हलवायला लागतो, त्याचं वागणं बदलतं. त्याच्यासाठी ती अवस्था बदलण्याची अट आहे. वरच्या बाजूला गंगापूर धरणाचे दरवाजे उघडून विसर्ग वाढवला, तर मात्र नदीच्या पातळीचा नियमही बदलतो. प्रत्येक खुणेपाशी स्वतःला विचारा: इथे वागण्याचा नियम बदलतो का? बदलत नसेल तर नवी अवस्था मोजू नका. नाहीतर दोन अवस्थांच्या प्रश्नात वीस अवस्था शिरतात आणि आकृती वाचता येत नाही.

पायरी २: प्रत्येक अवस्थेत वेग किती ते लिहा

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. टाकी १००० लिटरची. मोटर मिनिटाला ४० लिटर वर चढवते. घरांचा वापर मिनिटाला १० लिटर.

मोटर चालू असताना पाणी मिनिटाला ४० − १० = ३० लिटरने वाढतं. बंद असताना मिनिटाला १० लिटरने घटतं. ही झाली दोन अवस्थांची दोन समीकरणं. इथे वेग स्थिर आहे म्हणून फक्त भागाकार लागतो; शीतगृहात तसं नसतं, ते पुढे येईल.

पायरी ३: बदलाची अट. इथे घाई करू नका

आमच्या जुन्या सेन्सरला एकच खूण होती, समजा ६०० लिटर. कागदावर त्याचं काय होतं बघा. ६०० च्या किंचित खाली आलं की मोटर चालू, त्याच क्षणी पाणी ६०० च्या वर, मोटर बंद, त्याच क्षणी खाली. कागदावरची मोटर एका क्षणात असंख्य वेळा चालू-बंद होते. प्रत्यक्षात पाण्याला लाटा असतात, सेन्सरला थोडी ढिलाई असते. ती २० लिटरची धरली तर मोटर ४० सेकंद चालते, २ मिनिटं बंद राहते. २ मिनिटं ४० सेकंदांचं एक चक्र, म्हणजे दिवसाला ५४० वेळा सुरू. थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. कॉन्टॅक्टर जळला यात नवल नाही.

उपाय म्हणजे दोन खुणा. ३०० लिटरला चालू, ९०० ला बंद. आता मोटर ६०० ÷ ३० = २० मिनिटं चालते आणि ६०० ÷ १० = ६० मिनिटं थांबते. ८० मिनिटांचं चक्र, दिवसाला १८ वेळा. मोटर तीच, टाकी तीच, वापरही तोच. फरक फक्त अटीत आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. टाकीत ६०० लिटर पाणी आहे. मोटर चालू आहे की बंद?

सांगता येत नाही. पाणी खालून वर येत असेल तर चालू, वरून खाली जात असेल तर बंद. म्हणजे नुसती पातळी ही पूर्ण स्थिती नाही. पातळी आणि अवस्था मिळून स्थिती होते. यंत्रणेला आपण कुठून आलो याची आठवण ठेवावी लागते. या गुणाला हिस्टेरेसिस म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हेच काम करणारं सर्किट ओटो श्मिट यांनी १९३० च्या दशकात बनवलं आणि ते आजही श्मिट ट्रिगर म्हणून ओळखलं जातं. हा मुद्दा पक्का बसला की पुढचं निम्मं काम झालं, असं मी विद्यार्थ्यांना खात्रीने सांगतो.

दोन खुणा ठरवताना आणखी एक गोष्ट बघायची. वापर बदलला तर चक्र किती होतं? मिनिटाला १० लिटर वापर असताना ८० मिनिटं, हे आपण काढलं. ३० लिटर वापरात मोटर ६० मिनिटं चालते, २० मिनिटं थांबते. पुन्हा ८० च. मधल्या २० लिटर वापरात ३० आणि ३०, म्हणजे ६० मिनिटं. मोटर सगळ्यात जास्त वेळा सुरू होते ती वापर सगळ्यात जास्त असताना नव्हे, तर वापर मोटरीच्या क्षमतेच्या बरोबर निम्मा असताना. खुणांमधलं अंतर ठरवायचं ते त्या वेळेसाठी.

पायरी ४: वर्तुळं आणि बाण

प्रत्येक अवस्थेसाठी एक वर्तुळ काढा. आत त्या अवस्थेतला वेग लिहा आणि त्या अवस्थेत कुठवर राहता येतं तेही लिहा ('पाणी ९०० पर्यंत'). वर्तुळांमध्ये बाण काढा. बाणावर अट लिहा आणि उडी मारताना काही बदलत असेल तर ते लिहा. १९९० च्या दशकात राजीव अलूर, थॉमस हेन्झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच आकृतीला काटेकोर गणिती रूप दिलं. तिला हायब्रिड ऑटोमॅटन म्हणतात.

'उडी मारताना काही बदलतं' याचं उदाहरण घरोघरी आहे. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर वीज आल्यावर दिवा लागतो, पण फ्रिज काही मिनिटं सुरू होत नाही. आत एक घड्याळ असतं. 'बंद' मध्ये शिरताना ते शून्यावर येतं आणि पुन्हा 'चालू' होण्याच्या बाणावर अट असते, की घड्याळ ठरलेल्या मिनिटांच्या पुढे गेलेलं असावं. डावीकडच्या राशींत 'घड्याळ' ही एक नवी राशी आली, एवढंच. वायरमनचं 'दम खाऊ द्या' हे गणितात असं लिहितात.

पायरी ५: स्प्रेडशीटमध्ये चालवून बघा

तीन रकाने करा: वेळ, पाणी, अवस्था. अवस्थेच्या रकान्यात सूत्र असं हवं: पाणी ३०० किंवा कमी असेल तर 'चालू'; ९०० किंवा जास्त असेल तर 'बंद'; दोन्ही नसेल तर वरच्या ओळीतली अवस्था जशीच्या तशी. शेवटचा भाग विसरलात तर आठवण गेली आणि तुम्ही एका खुणेच्या टाकीवर परतलात.

वेळेची पायरी आधी मुद्दाम ५ मिनिटांची घ्या. सुरुवात ३२० लिटरपासून, मोटर बंद. पुढची ओळ २७०, मोटर चालू. मग ४२०, ५७०, ७२०, ८७०, १०२०. १००० लिटरच्या टाकीत १०२० लिटर! खरी मोटर ९०० ला थांबली असती. तुमच्या तक्त्याने ती खूण दोन ओळींच्या मधून निसटू दिली. पायरी १ मिनिटाची केली की चूक फार तर ३० लिटरची उरते. पायथन या संगणकभाषेतली सायपाय किंवा तत्सम साधनं ही खूण ओलांडण्याची नेमकी वेळ शोधून तिथे थांबतात. त्यांना तसं सांगावं मात्र लागतं, आणि सुरुवातीला बहुतेक जण ते सांगत नाहीत.

पायरी ६: वेग स्थिर नसेल तेव्हा

दिंडोरी-निफाडकडची निर्यातीची द्राक्षं तोडणीनंतर प्रीकूलिंगमध्ये जातात आणि मग शून्याच्या आसपास साठवली जातात. खोलीला ० आणि २ अंश सेल्सियस अशा दोन खुणा समजा. कॉम्प्रेसर बंद असताना खोली बाहेरच्या तापमानाकडे ओढली जाते. जेवढा फरक जास्त तेवढा वेग जास्त, हा न्यूटनचा शीतन नियम. खोलीचा कालांक (बाहेरशी असलेला फरक मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) ५ तास म्हणजे ३०० मिनिटं धरू. आणि कॉम्प्रेसर अखंड चालला तर खोली बाहेरपेक्षा ४० अंशांनी खाली जाऊ शकते असं धरू.

फेब्रुवारीतली दुपार, बाहेर ३० अंश. बंद असताना ० वरून २ वर जाताना बाहेरशी फरक ३० वरून २८ होतो. लागणारा वेळ ३०० गुणिले (३० ÷ २८) चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे सुमारे २१ मिनिटं. चालू असताना खोली उणे १० कडे ओढली जाते. २ वरून ० वर येताना फरक १२ वरून १० होतो, वेळ सुमारे ५५ मिनिटं. आता रात्र, बाहेर १२ अंश. बंद असताना फरक १२ वरून १०, म्हणजे ५५ मिनिटं. चालू असताना ओढ उणे २८ कडे, फरक ३० वरून २८, म्हणजे २१ मिनिटं.

दिवस आणि रात्र आरशासारखे उलटे आले. दोन्हीकडे चक्र सुमारे ७५ मिनिटांचंच. कॉम्प्रेसर किती वेळा सुरू झाला एवढंच मोजणाऱ्याला दुपार आणि रात्र सारखी दिसेल, पण दुपारी तो बहात्तर टक्क्यांच्या पुढे वेळ चालतोय आणि रात्री जेमतेम सत्तावीस टक्के. बाहेर २१ अंश असताना दोन्ही वेळा ३० मिनिटांच्या येतात. सगळ्यात जास्त वेळा सुरू होण्याची ती घडी. पंपाच्या निम्म्या वापरात दिसलं तेच इथे पुन्हा आलं.

पायरी ७: नमुना (मॉडेल) कुठे मोडतो ते मुद्दाम शोधा

एका इमारतीला दोन विंग, दोन टाक्या, पाणी चढवणारी लाइन एकच. प्रत्येक टाकीतून मिनिटाला १० लिटर जातात. लाइनमधून १५ येतात, पण एका वेळी एकाच टाकीत. नियम असा की जी टाकी किमान खुणेला पोहोचली तिच्याकडे लाइन वळवायची. सुरुवातीला पहिली टाकी किमान खुणेवर, दुसरीत खुणेच्या वर १०० लिटर.

पहिलीत मिनिटाला ५ लिटर वाढतात, दुसरी १० मिनिटांत खुणेला येते. लाइन वळवा. पहिलीत ५० जमलेत, ते ५ मिनिटांत संपतात. मग अडीच मिनिटं, मग सव्वा. १० + ५ + २.५ + १.२५ असं पुढे जात बेरीज २० मिनिटांवर अडते. म्हणजे २० मिनिटांच्या आत व्हॉल्व्ह असंख्य वेळा वळायला हवा. विसाव्या मिनिटानंतर काय, यावर नमुना मूक आहे, आणि संगणकावर प्रोग्रॅम तिथे अडकून बसतो. ग्रीक तत्त्वज्ञ झेनो याच्या नावाने याला झेनो वर्तन म्हणतात.

प्रोग्रॅम अडकला म्हणून वैतागू नका. त्याने खरी गोष्ट सांगितली आहे: वापर २० लिटर, येणारं पाणी १५. वरच्या १०० लिटरमधून मिनिटाला ५ लिटर कमी होत होते, ते विसाव्या मिनिटाला संपले. व्हॉल्व्ह कितीही हुशारीने वळवला तरी पाणी पुरणार नव्हतं.

पायरी ८: दोन चांगल्यांतून एक वाईट

पुढचं उदाहरण पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही, म्हणून तुम्हीही स्वतः चालवून बघा. क्ष आणि य या दोन राशी.

पहिला नियम: क्ष चा वेग = −०.१ क्ष + य; य चा वेग = −१० क्ष − ०.१ य.
दुसरा नियम: क्ष चा वेग = −०.१ क्ष + १० य; य चा वेग = −क्ष − ०.१ य.

दोन्ही वेगवेगळे चालवले तर बिंदू फिरत फिरत शून्याकडे येतो. दोन्ही स्थिर. आता क्ष आणि य ची चिन्हं वेगळी असतील तेव्हा पहिला नियम आणि सारखी असतील तेव्हा दुसरा लावा. क्ष = १, य = ० पासून निघा. पाव फेरीत शून्यापासूनचं अंतर सुमारे तिप्पट होतं, पूर्ण फेरीत सुमारे ८२ पट. कारण असं की पहिल्या नियमाची लंबवर्तुळं उभी आहेत आणि दुसऱ्याची आडवी. प्रत्येक वेळी आपण वर्तुळ फुगत असतानाच्या भागावर बसतो आणि आकसायच्या आधी उतरतो. अदलाबदल उलटी केली तर तोच बिंदू झपाट्याने शून्यात जातो. (तक्त्यात वेळेची पायरी ०.००१ घ्या. ०.०५ घेतली तर एकटा नियमही फुगताना दिसेल आणि तो दोष तक्त्याचा असेल.)

यावर दोन उपाय जुने आणि भक्कम आहेत. एक म्हणजे अशी एखादी राशी शोधायची जी प्रत्येक अवस्थेत घटतच जाते. ही कल्पना अलेक्सांद्र ल्यापुनोव यांच्या १८९२ च्या प्रबंधातून आली. तशी सर्व अवस्थांना सामाईक राशी सापडली तर कशीही अदलाबदल करा, भीती नाही. दुसरा उपाय वायरमनचा. प्रत्येक नियम सरळ रेषीय आणि स्थिर असेल, तर प्रत्येक अवस्थेत पुरेसा वेळ थांबल्यावर सगळी यंत्रणा स्थिर राहते. प्रत्येकाला आकसायला वेळ मिळतो.

पायरी ९: बदल आपल्या हातात नसेल तेव्हा

शेतातल्या पंपाची वीज कधी जाईल हे पातळी ठरवत नाही. तिथे अटीच्या जागी शक्यता येते. समजा वीज असेल तर पुढच्या तासात जाण्याची शक्यता दहात एक, नसेल तर येण्याची दोनात एक. मग एकदा आलेली वीज सरासरी १० तास टिकते, गेलेली २ तास. बाराला दोन, म्हणजे दीर्घकाळात सहावा हिस्सा वेळ अंधार. आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९०६ पासून अशा साखळ्यांचा अभ्यास मांडला. अर्थशास्त्रात जेम्स हॅमिल्टन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या तेजी-मंदीला हेच गणित लावलं. तिथे अवस्था दिसतच नाही, आकड्यांवरून ओळखावी लागते. हा वेगळा आणि मोठा रस्ता आहे, आधीच्या आठ पायऱ्या हाताला बसल्याशिवाय त्यावर जाऊ नका.

मोजायला लागा

घरची टाकी उभी गोल असेल आणि आतला व्यास १ मीटर असेल, तर पातळीच्या १ सेंटिमीटरमागे सुमारे ७.८५ लिटर पाणी असतं. मोटर बंद असताना दहा मिनिटांत पातळी किती उतरली ते मोजा, तो वापर. चालू असताना दहा मिनिटांत किती चढली ते मोजा. पण ती मोटरीची क्षमता नव्हे, वापर वजा जाऊन उरलेलं आहे, म्हणून त्यात वापर मिळवा. दोन्ही मोजमापं लागोपाठ घ्या, कारण सकाळी सातचा आणि दहाचा वापर एक नसतो.

आम्ही तसं मोजून खुणांमधलं अंतर वाढवलं आणि मोटर पुन्हा सुरू होण्याआधी पाच मिनिटांचं घड्याळ टाकलं. वायरमनने बसवलेला तिसरा कॉन्टॅक्टर अजून तोच आहे.